पाणचक्कीचे दळण

गेल्या हिवाळ्यात आमच्या उर्दू शाळेतली सातवीची मुले घेऊन मी पाणचक्की पाहायला गेले. औरंगाबाद शहराचे (२०२३ पासून सरकारी नाव छत्रपती संभाजीनगर) कोणतेही मूल पाणचक्कीला अनोळखी नसते. घरी पाहुणे आले की त्यांना बीबी का मकबरा दाखवायचा आणि परतताना पाणचक्कीवर थांबायचे, हा आमच्याकडचा घरोघरचा रिवाज आहे. तरीसुद्धा इतिहासाच्या वहीत टिपण काढायचे म्हणून आम्ही गेलो. मुलांनी हौदातले मासे पाहिले, भिंतीवरून कोसळणाऱ्या पाण्यासमोर उभे राहून फोटो काढले, मोठ्या वडाखाली डबे उघडले. सगळ्यांचे खाऊन झाल्यावर एक मुलगी चक्कीच्या दगडाजवळ वाकून बराच वेळ पाहत राहिली. मग तिने मला विचारले, "टीचर, यहाँ पिसाई का पैसा कौन लेता था?"

मी सहज म्हणून गेले, "कोई नहीं."

तिचा विश्वास बसला नाही. दर आठवड्याला गिरणीत दळण टाकायचे आणि आणायचे काम घरात तिच्याकडेच आहे. किलोला किती पैसे पडतात, ते तिला तोंडपाठ होते. ती म्हणाली, "फिर चक्कीवाला खाता क्या था?"

या प्रश्नाला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. मी डी.एड., बी.एड. केले, इतिहास शिकवते, मलिक अंबरचे साल आणि आसफजाहाचे साल फळ्यावर लिहिते. पण ज्या चक्कीच्या सावलीत आमचे शहर वाढले, ती कोणासाठी दळत होती आणि तिचा खर्च कोण करीत होते, हे मी कधी नीट पाहिले नव्हते. त्या मुलीला उत्तर देण्यासाठी जे वाचले, ते वाचकांपुढे ठेवते आहे.

पहिली गोष्ट या जागेच्या नावाची. आपण सगळ्या आवाराला पाणचक्की म्हणतो, पण मुळात ही जागा चक्कीची नाही. ती बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफी बुजुर्गांचा तकिया आहे. त्यांची आणि त्यांचे पीर बाबा पलंगपोश यांची मजार इथे आहे. मशीद आहे, हौद आहे, मुसाफिरांच्या उतरण्याच्या खोल्या आहेत. चक्की या सगळ्याच्या एका कोपऱ्यात आहे. भटारखाना जसा घराचा एक भाग असतो, तशी ही चक्की खानकाहचा एक भाग होती. पुढे लोकांनी त्या एका कोपऱ्याचे नाव सगळ्या आवाराला दिले. दरगाहच्या नावापेक्षा चक्कीचे नाव जास्त चालले, यावरून ती लोकांच्या किती कामाची होती ते कळते.

हे दोघे बुजुर्ग मध्य आशियातून आले. आजच्या उझबेकिस्तानात बुखाऱ्याजवळ गजदवान नावाचे गाव आहे. नक्शबंदी सिलसिल्यात या गावाचा मान मोठा आहे. त्या सिलसिल्यातले एक आद्य बुजुर्ग ख्वाजा अब्दुल खालिक गजदवानी तिथलेच. त्यांच्या नावाने जी तत्त्वे सांगितली जातात, त्यांतले एक म्हणजे 'खिलवत दर अंजुमन', म्हणजे माणसांच्या गर्दीत राहूनही अल्लाहशी एकांत साधणे. जंगलात जाऊन बसायचे नाही, बाजारात राहायचे, माणसांच्या उपयोगी पडायचे आणि मन मात्र जागे ठेवायचे. पुढे या तकियात जे घडले ते समजून घ्यायला हे एक तत्त्व पुरेसे आहे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाच्या मोहिमांमुळे दख्खनमध्ये मोठी फौज उतरली होती. तिच्यात तुराणी, म्हणजे मध्य आशियातून आलेले सरदार आणि शिपाई पुष्कळ होते. त्यांच्यातला एक बडा सरदार गाजीउद्दीन खान फिरोजजंग. हैदराबादच्या निजाम घराण्याचा मूळ पुरुष निजामुलमुल्क आसफजाह हा त्याचाच मुलगा. बाबा पलंगपोश फिरोजजंगच्या फौजेबरोबर फिरत आणि बाबा शाह मुसाफिर औरंगाबादच्या तकियात राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाहत. बाबा पलंगपोश १६९९ मध्ये आणि बाबा शाह मुसाफिर १७१५ मध्ये पडदा करून गेले. त्यांच्या गादीवर आलेल्या शाह महमूद यांनी दोन्ही बुजुर्गांच्या आठवणी 'मलफूजात-ए-नक्शबंदिया' या फारसी ग्रंथात लिहून ठेवल्या. सायमन डिग्बी या अभ्यासकाने त्याचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो २००१ साली प्रसिद्ध झाला.

औरंगाबाद हे तेव्हा वाटेवरचे शहर होते. बुखारा, समरकंद, बल्ख इथून नशीब काढायला आलेले लोक इथे पोहोचत. सुरतेला जाऊन हजचे जहाज पकडणारे फकीर इथून जात. कोणाच्या अंगावर कपडा नसे, कोणाकडे वाटखर्च नसे. बोली वेगळी, मुलूख परका. अशा माणसाला या गावात आपल्या बोलीचा माणूस, झोपायला जागा आणि खायला रोटी मिळायची ती तकियात. बुजुर्गांचे 'मुसाफिर' हे नावसुद्धा मला म्हणूनच अर्थपूर्ण वाटते.

आता रोटी म्हटली की पीठ आले आणि पीठ म्हटले की दळण आले. रोज किती माणसे जेवायला येतील याचा नेम नाही, अशा घराचे दळण कोणी दळायचे?

हा प्रश्न मी माझ्या नानीच्या हातांवरून ओळखते. नानीचे माहेर पैठण तालुक्यातले. लहानपणी पहाटे उठून ती ज्वारी दळायची. तिच्या दोन्ही तळहातांवर खुंट्याने पडलेले घट्टे म्हातारपणापर्यंत गेले नव्हते. ती सांगायची, घरात नऊ माणसे होती, म्हणून दोघी जावा समोरासमोर बसून दळायच्या. एकीने वैरण घालायची, दोघींनी ओढायचे. शेजारच्या मराठा घरातल्या बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्या नानीलाही पाठ होत्या. विजेची गिरणी गावात आली तेव्हा तिने शुक्राण्याची नमाज पढली होती, हे ती हसत हसत सांगायची. आम्ही हसायचो. आता त्यातले हसण्यासारखे काय होते, ते मला समजत नाही.

दख्खनमध्ये सूफींनी जात्याची ही मेहनत फार जवळून पाहिली होती. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' नावाचा दखनी गीतांचा एक प्रकारच आहे. बायकांनी दळता दळता म्हणायची ही गाणी. जात्याचा उभा खुंटा पाहून अलिफ आठवावा, मधल्या आसात नबींचा आधार पाहावा, अशा साध्या दाखल्यांनी दळणाऱ्या बाईला जिक्र शिकवायचा. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील १९७८ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले आहे की इस्लामची साधी शिकवण दख्खनच्या घराघरांत पोहोचली ती मोठ्या ग्रंथांतून कमी आणि अशा जात्यावरच्या, चरख्यावरच्या गाण्यांतून अधिक. मराठीत जनाबाईबरोबर विठ्ठल दळू लागतो, इकडे चक्कीनाम्यात दळणारणीच्या ओठांवर अल्लाहचे नाव येते. दोन्हीकडे एकच ओळखले आहे की दळण हे घरातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत कमी मोजले जाणारे काम आहे.

विजापूरच्या बुजुर्गांनी दळणाऱ्या बाईला गाणे दिले. औरंगाबादच्या तकियाने दळणाचे काम पाण्याकडे सोपवले.

आता पाणचक्की चालते कशी, ते पाहू. पाणचक्की खाम नदीच्या काठी आहे, म्हणून ती नदीच्या प्रवाहावर चालते असे पुष्कळांना वाटते. मीही लहानपणी तसेच समजत होते. पण खाम ही काही गंगा नाही. पावसाळ्यात ती दुथडी भरून धावते आणि उन्हाळ्यात आटून जाते. तिच्या भरवशावर चक्की बसवली असती तर वर्षातले निम्मे दिवस लंगर उपाशी राहिले असते. बुखाऱ्याकडे आणि आपल्याकडे हिमालयात पाण्यावरच्या चक्क्या जुन्या काळापासून आहेत. उत्तराखंडात त्यांना घराट म्हणतात. तिथे बर्फाचे पाणी ओढ्यांना वाहते ठेवते. दख्खनच्या खडकाळ, कोरड्या मुलखात ती सोय नव्हती. म्हणून इथे चक्कीच्या आधी नहर बांधावी लागली.

नहरीची विद्या या शहराला नवी नव्हती. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी हे गाव शहर म्हणून वसवले. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा वजीर झालेला हा माणूस. त्याने १६१७ च्या सुमारास डोंगरातले जमिनीखालचे पाणी उतारावरून शहरात आणले, ती नहर-ए-अंबरी. त्यानंतर मोगल आणि आसफजाही काळात त्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची नहर ही त्यांतलीच एक. नहर-ए-अंबरीचेच पाणी पाणचक्कीवर पडते असे गाइड लोक कधीकधी सांगतात, पण दोन्ही नहरी वेगळ्या आहेत. विद्या मात्र एकच.

निजामाच्या राज्यात १८८४ मध्ये निघालेल्या औरंगाबादच्या गॅझेटियरमध्ये या नहरीची माहिती आहे. हर्सूलच्या नदीला एक ओढा मिळतो, त्या संगमाच्या वरच्या अंगाला असलेल्या विहिरीपासून ही नहर सुरू होते. पुढे नदीचे पाणीही तिला जोडले गेले. तिथून जमिनीखालून खापराच्या नळांतून पाणी शहराकडे येते. वाटेत ठिकठिकाणी विटा-चुन्याचे उंच मनोरे आहेत. आमच्याकडे त्यांना बंबे म्हणतात. पुष्कळांना ते पडक्या बुरुजासारखे वाटतात. त्यांचे काम असे: बंद नळातून पाणी उतारावर धावते तेव्हा आत हवा कोंडते आणि दाब वाढतो. खापराचा नळ तो दाब किती सोसणार? म्हणून मध्ये मनोरा बांधून त्यात पाणी वर चढू द्यायचे, कोंडलेली हवा बाहेर सोडायची आणि पाणी पुन्हा खाली पुढच्या नळात उतरवायचे. बंद नळातले पाणी आपल्या उगमाच्या पातळीपर्यंत वर चढू शकते, हे सहावी-सातवीच्या विज्ञानात आम्ही शिकवतो. पंप नाही, इंजिन नाही, केवळ या एका नियमावर पाणी डोंगरातून काठावरच्या तकियात येत होते.

पाणचक्कीवर पोहोचल्यावर हे पाणी उंच भिंतीच्या आतून वर चढते आणि माथ्यावरून खाली कोसळते. फोटोत दिसते ती हीच भिंत. चक्कीकडे सोडलेले पाणी चक्कीच्या खालच्या बाजूला आडव्या बसवलेल्या चाकाच्या पात्यांवर आदळते. चाक फिरले की त्याचा उभा आस फिरतो आणि आसाबरोबर वरची तळी फिरते. खालची तळी जागेवर स्थिर राहते. दोन्हींच्या मधून पीठ बाहेर पडते. घरच्या जात्यात आणि यात फरक इतकाच की खुंट्याला धरणारा हात इथे पाण्याचा आहे.

या पाण्याचा हिशेब तर पाहण्यासारखा आहे. चक्की फिरवणारे आणि भिंतीवरून पडणारे पाणी वाया जात नाही. मशिदीसमोरच्या मोठ्या हौदाची लांबी १६४ फूट आणि रुंदी ३१ फूट असल्याचे गॅझेटियर सांगते. त्यात कारंजी आहेत. या हौदाचा तळ म्हणजेच खाली नदीच्या अंगाला असलेल्या प्रशस्त दालनाचे छत. जाड खांबांवर हे दालन उभे आहे. डोक्यावर सतत पाणी असल्यामुळे ऐन मेमध्येही तिथे गारवा राहतो. उन्हातून चालत आलेल्या मुसाफिराला यापेक्षा मोठी मेहमाननवाजी कोणती? आणि या सगळ्यांतून उरलेले पाणी शेवटी खामच्या पात्रात जाते. म्हणजे ही नदीकाठची चक्की आपले पाणी शेवटी नदीलाच देत होती.

पाणचक्की कोणी आणि कधी बांधली याबद्दल दोन साले सांगितली जातात, १६९५ आणि १७४४. मुलांना साल पाठ करण्यापेक्षा साल तपासायला शिकवावे, म्हणून मी हा प्रश्न वर्गात घेतला. चक्की आसफजाहाच्या पदरी असलेल्या एका अमीराने उभारली असे गॅझेटियर सांगते. आसफजाह दख्खनचा सुभेदार म्हणून प्रथम आला १७१३ मध्ये. मग त्याच्या अमीराने बांधलेली चक्की १६९५ ची कशी असेल? मुलांनी स्वतःच उत्तर काढले की आधी तकिया, मग चक्की. एक मुलगा म्हणाला, "पहले मेहमान आए, बाद में चक्की आई." इतिहासाच्या पुस्तकात हे इतक्या सोप्या शब्दांत मी वाचले नव्हते. माणसे वाढत गेली, लंगर वाढत गेला, हाताचे जाते पुरेना, तेव्हा शाह महमूद यांच्या काळात तकियाचा पसारा आणि पाण्याची व्यवस्था मोठी झाली. पैसा अमीरांनी दिला. चाललेली गोष्ट फकिरांची होती.

गॅझेटियरमध्ये हौदाच्या बांधकामासाठी जमील बेग खान याचे नाव येते आणि या हौदावर मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी यांनी मसनवी रचली अशी नोंदही आहे. आझाद बिलग्रामी म्हणजे अठराव्या शतकातले अरबी-फारसीचे मोठे विद्वान. १७०४ साली अवधमधल्या बिलग्राममध्ये जन्मले, हज करून परतल्यावर औरंगाबादला आले आणि काही वर्षे याच तकियात राहिले. नवाब शाहनवाज खान हे त्यांचे मित्र. मोगल सरदारांच्या चरित्रांचा 'मआसिरुल उमरा' हा प्रचंड ग्रंथ शाहनवाज खानांनी औरंगाबादेत लिहिला. १७५८ मध्ये त्यांची हत्या झाली, घर लुटले गेले आणि हस्तलिखिताची पाने विखुरली. आझादांनी ती पाने शोधून गोळा केली, पुन्हा लावली, म्हणून तो ग्रंथ आज आपल्याला वाचायला मिळतो. आझाद १७८६ मध्ये वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे.

आझादांसारख्या आलिमाच्या ताटात पडणारी रोटी आणि बुखाऱ्याहून अनवाणी आलेल्या फकिराच्या ताटात पडणारी रोटी एकाच चक्कीच्या पिठाची होती. तकियात पुस्तकांचा संग्रह होता, शिकणारे होते, शिकवणारे होते. आपण ज्याला दख्खनची इल्मी परंपरा म्हणून अभिमानाने मिरवतो, ती या दळणावर पोसली गेली. त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला इथे मिळाले. पिसाईचा पैसा कोणी घेत नव्हते, कारण ही चक्की धंद्याची नव्हती. आणि चक्कीवाला काय खात असेल? तो त्याच लंगरात, त्याच पिठाची रोटी खात असणार.

उरलेले निम्मे उत्तर 'वक्फ' या शब्दात आहे. हा शब्द हल्ली आपण वर्तमानपत्रांत रोज वाचतो, बहुधा खटले, अतिक्रमणे आणि कायद्यांच्या संदर्भात. मुलांना तर तो वादाचाच शब्द वाटतो. मी त्यांना चक्कीपाशी परत नेले. वक्फ म्हणजे थांबवणे. मालमत्ता एका जागी थांबवून ठेवायची, ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही आणि तिचा फायदा मात्र लोकांकडे चालू ठेवायचा. जात्याची खालची तळी हलत नाही, म्हणून वरची दळू शकते. खालचीच हलवली, तर दोन दगड राहतील आणि पीठ मिळणार नाही. मुलांना वक्फ कळला. मोठ्यांना तो किती कळला आहे, याचा विचार ज्याने त्याने करावा. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय याच पाणचक्कीच्या आवारात आहे, हाही एक योग आहे.

नंतरची कहाणी थोडक्यात सांगते. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली. अमीर गेले, फौज गेली, देणगी देणारे हात गेले. तुराणी मुसाफिरांचा ओघ आटला. तरी चक्की राहिली, कारण पाणी येत होते. विसाव्या शतकात वीज आली, मोहल्ल्यात पिठाच्या गिरण्या झाल्या. शहराला १९७० च्या दशकापासून जायकवाडीचे पाणी मिळू लागले आणि नहरींकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. नहरीच्या वाटेवर वस्त्या झाल्या, रस्ते झाले. खापराचे नळ फुटले, बंबे ढासळले. उन्हाळ्यात पाणचक्कीचे पाणी आटल्याच्या बातम्या आता वारंवार छापून येतात. खाम नदीचाही नाला झाला होता. २०२१ च्या सुमारास तिच्या पुनरुज्जीवनाचे काम महानगरपालिकेने काही संस्थांना सोबत घेऊन सुरू केले आणि काठाचा काही भाग साफ झाला, ही चांगली गोष्ट आहे. पण नदी साफ झाली म्हणजे पाणचक्की चालेल असे नाही. पाणचक्कीचा जीव नदीत कधीच नव्हता, तो नहरीत आहे. चक्कीचा दगड जपून नहर मरू दिली, तर आपण वारसा जपला असे म्हणता येणार नाही.

याच शहरात अलीकडच्या वर्षांत नळाला पाणी येण्यासाठी आठवडा आठवडा वाट पाहावी लागली आहे. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली हंडे भरून शाळेला येतात आणि उशीर झाला म्हणून खाली मान घालून दारात उभ्या राहतात. त्यांना मी काय बोलणार? चारशे वर्षांपूर्वी एका हबशी वजिराने आणि त्याच्यानंतर परदेशी फकिरांच्या एका तकियाने पंपाशिवाय पाणी दारात आणून दाखवले. त्यांचे वारस म्हणवणारे आपण, ते पाणी ज्या वाटेने येत होते ती वाटसुद्धा दाखवू शकत नाही.

शाळेत परतल्यावर मी मुलांना एक काम दिले. घरातल्या सर्वांत वडील माणसाला विचारायचे की आपल्या मोहल्ल्यात नहर कुठून जात होती, बंबा कुठे होता आणि आपल्या घरचे जाते आता कुठे आहे. पंधरा दिवसांत वह्या भरल्या. कोणाचे जाते गच्चीवर कुंडीखाली सापडले, कोणाचे पायरीला लागले होते. एका मुलाच्या दादांनी बेगमपुऱ्यात नहरीचे पाणी हौदातून भरल्याचे सांगितले आणि नातवाला सोबत नेऊन ती जागा दाखवली. आम्ही शहराचा एक मोठा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लावला आणि मुले जिथे सांगतील तिथे निळ्या खडूने खूण करू लागलो. खुणा अजून तुटक आहेत. पण त्या जोडत गेल्या तर एक वाट दिसू लागते, डोंगराकडून शहराकडे येणारी.

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने तिच्या वहीत शेवटी एक वाक्य लिहिले होते: "चक्की मुफ़्त थी, मगर मेहनत मुफ़्त नहीं थी, वो पानी लाने वालों ने की थी." मी त्याखाली लाल शाईने 'शाबाश' लिहिले. आणखी काही लिहावे असे मला सुचले नाही.